थोरलीची रजा

रजा घेतली की वेळ मिळतो, असं ज्याला कुणाला वाटत असेल त्यानं एकदा थोरलीच्या घरी येऊन राहावं. दोन दिवसांत भ्रम फिटेल.

थोरली म्हणजे त्या घरातली मोठी सून. सासूबाई तिला थोरली म्हणायच्या, म्हणून शेजारीपाजारीही थोरलीच म्हणायचे, आणि बाईचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप घेऊन लॅबकडे पाठवायचे. मग थोरलीनं त्यावरून प्लास्टरचा साचा ओतायचा, त्यावर मेणाची हिरडी करायची, मेणात एकेक दात बसवायचा, आणि कवळी तयार झाली की घासूनपुसून परत धाडायची. गावातले निम्मे म्हातारे तिच्या हातचे दात दाखवत हसायचे, पण त्यांतला एकही चेहरा तिनं कधी बघितलेला नव्हता. तिच्यापर्यंत यायचा तो नुसता जबडा.

अशाच एका जबड्यानं सगळा घोळ घातला. उजवीकडची हिरडी पार झिजलेली, डावीकडची शाबूत. थोरली तो साचा हातात घेऊन बघतच राहिली. हा माणूस जन्मभर एकाच बाजूनं चावत आला असणार. हट्टी असणार. बायकोनं शंभरदा सांगितलं असेल आणि यानं ऐकलं नसेल. बघता बघता त्या जबड्याला गाल फुटले, नाक आलं, तिरसट डोळे आले, आणि एक म्हातारा तिच्या डोक्यात येऊन ठाण मांडून बसला. त्या म्हाताऱ्याला बऱ्याच वर्षांनी नवे दात मिळतात, पण आता हसावं कुणाकडे बघून, ते त्याला कळत नाही. एवढंच सुचलं होतं. तेच तिनं लिहायला घेतलं.

कधी लिहायची? प्लास्टर घट्ट व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात. बाकीच्या बायका त्या वेळात मोबाइल बघायच्या, ही पाठकोऱ्या कागदावर खरडायची. एखादं वाक्य रंगात यावं, तोवर साचा घट्ट होऊन बोलवायला लागायचा. अशा तुकड्यातुकड्यांनी दोन वर्षांत म्हाताऱ्याची चांगली लांबलचक कथा झाली. आणि तिनं एक दिवस धीर करून ती एका मासिकाला पाठवूनही दिली, शेवट सोडून. शेवट झालाच नव्हता ना.

संपादकबाईंचा स्वतःहून फोन आला. थोरलीचे हात मेणानं भरलेले, फोन खांद्यानं कानाशी धरलेला.

"अहो, हा म्हातारा कुठून आणलात तुम्ही?" त्या म्हणाल्या. "मला रात्रभर सोडेना. शेवट पाठवा. पण शनिवारी दुपारच्या आत हं. आमचं मासिक बंद होतंय, हा शेवटचा अंक. यात आलं तर आलं."

थोरलीला शेवट ठाऊक होता. म्हातारा मरणार होता. जेमतेम चार पानांचं काम होतं. पण माणसाला मारायचं म्हणजे प्लास्टर वाळता वाळता उरकायची गोष्ट आहे का ती? त्याला वेळ हवा, शांतता हवी. म्हणून तिनं आठवडाभराची रजा मागितली.

मालक तसे भले गृहस्थ, पण रजेचं नाव काढलं की त्यांचा चेहरा दाढ उपटल्यासारखा व्हायचा. "एवढी रजा? घरात काही कार्य?" त्यांनी विचारलं. "घरचंच काम आहे," ती म्हणाली. गोष्ट लिहायला रजा हवी म्हणाली असती, तर ते हसून हसून खुर्चीतून खाली आले असते.

घरी मात्र तिनं खरं तेच सांगितलं, हे नीट लक्षात ठेवा. रविवारी सगळे जेवायला बसले असताना सांगितलं, "मी रजा घेतलीये. मला कथा पुरी करायचीये. शनिवारपर्यंत मला जरा बसू द्या."

"लिही की! कोण नको म्हणतंय?" नवरा म्हणाला. सासूबाईंनी मान डोलावली. धाकटी जाऊ म्हणाली, "किती छान ताई!" मुलीनं मोबाइलमधून डोकं वर काढून "भारीच," असं म्हटलं आणि पुन्हा खाली घातलं. काय सांगू तुम्हाला, थोरलीला त्या रात्री सगळ्यांबद्दल मायेचा उमाळा आला होता.

सोमवारी सकाळी कागद घेऊन बसली, तोच सासूबाई चष्म्याचं घर घेऊन दारात. "थोरली, तू घरीच आहेस तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ या." जाऊन आल्या. दुपारी जाऊ कडेवरचं पोर हिच्या मांडीवर ठेवून बाजारात गेली, कारण ताई घरीच आहेत. नवऱ्यानं गळक्या नळासाठी प्लंबरला बोलावून ठेवलं होतं, कारण ती घरीच आहे. तो मंगळवारी आला, अर्धा नळ उघडून वायसर आणायला गेला आणि संध्याकाळी उगवला. मुलीला पडद्याच्या कापडाची पिशवी शिवून हवी होती. शेजारणीनं गॅसच्या सिलिंडरवाल्याला हिचं दार दाखवून ठेवलं. घरीच आहे ना! अरे, घरी आहे म्हणजे काय बाईला गोदाम समजलात? पण थोरली असं बोलली नाही. ती हो हो म्हणत राहिली. सोमवारी तिचं एक वाक्य लिहून झालं आणि मंगळवारी तिनं ते खोडलं.

बुधवारी सकाळी तिनं डबा भरला, पर्स खांद्याला लावली आणि म्हणाली, "मालकांचा फोन होता. काम आलंय, रजा रद्द."

"आणि माझा चष्मा आणायचा तो?" सासूबाई कडाडल्या. पण कामावर जाणाऱ्या बाईला कुणी अडवत नाही. थोरली तडक घराबाहेर पडली.

आता बसायचं कुठे? बागेत रखवालदार दर दहा पावलांनी बघून जात होता. वाचनालयात परीक्षेला बसणारी मुलं पहाटेपासून जागा धरून होती. चहाच्या हॉटेलात कप रिकामा झाला की वेटर फडकं घेऊन डोक्यावर उभा. शेवटी तिला मोठं हॉस्पिटल आठवलं. तिथल्या दातांच्या विभागात ती कवळ्या पोचवायला जायची. तळमजल्यावर तिला सगळे ओळखत, म्हणून ती जिना चढत गेली, आणि सगळ्यात शांत मजला आला तिथे थांबली.

मजला कॅन्सरचा होता. पाटी तिनं वाचली, वाचली नाही असं नाही. पण तिथे पंखा होता, खुर्च्या होत्या, आणि मुख्य म्हणजे कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. कोपऱ्यातली खुर्ची तिनं घेतली. गर्दी झाली की उठून पेशंटला जागा द्यायची आणि भिंतीला टेकून उभ्या उभ्या लिहायची. मनातून ओशाळी झाली होती, तरी लिहीत होती. बुधवारी दीड पान झालं. दोन वर्षांत एका बैठकीत दीड पान कधी झालं नव्हतं.

गुरुवारी म्हातारा मरायला टेकला. त्यानं नवे दात काढून पाण्याच्या भांड्यात ठेवले आणि शेजारच्या रिकाम्या खाटेकडे बघून बोळक्या तोंडानं हसला. ते लिहिताना थोरलीचे डोळे घळाघळा वाहायला लागले. तिनं पदरानं तोंड झाकलं, पण हुंदका काही आवरेना. शेजारच्या बाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

आणि नेमकी त्याच वेळी जिन्यात तिची नणंद उभी होती.

ही नणंद गावातच दिलेली. घरात तिला सगळे बातमीपत्र म्हणत, अर्थात तिच्या माघारी. तिच्या सासऱ्यांचे रक्ताचे रिपोर्ट घ्यायला ती आली होती. एरवी हाक मारून अख्खा मजला गोळा केला असता तिनं. पण कॅन्सरच्या मजल्यावर, मांडीवर कागद घेऊन, हमसून हमसून रडणारी वहिनी बघितली आणि ती पायरीवरच थांबली. हाक मारायचा धीर होईना. ती तशीच मागे फिरली आणि थेट माहेरी आली.

नवऱ्यानं लॅबमध्ये फोन लावला. मालक म्हणाले, "त्या तर आठवडाभर रजेवर आहेत. का हो?" झालं! रजा रद्द झाल्याचं खोटं सांगून बाई कॅन्सरच्या मजल्यावर जाते, एकटी रडते, कुणाला सांगत नाही. याचा दुसरा अर्थ कोण कसा लावणार? तुम्ही लावला असता का?

थोरली संध्याकाळी घरी आली तेव्हा ओटा लखलखत होता. दोरीवरचे कपडे घड्या होऊन कपाटात गेले होते. सासूबाई स्वतः भाजी चिरत होत्या. मुलीनं पाण्याचा ग्लास आणून दिला. थोरली दारातच थबकली. आपण दुसऱ्याच कुणाच्या घरात शिरलो की काय, असं तिला वाटलं.

नवऱ्यानं तिला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

"माझ्या ताईनं तुला हॉस्पिटलात बघितलं," तो म्हणाला. "कॅन्सरच्या मजल्यावर. मालकांशीही बोललो मी. तू सोमवारपासून रजेवरच आहेस." तो तिच्याजवळ आला. "अगं, एकटीनं कशाला सोसतेस? मी मेलोय का?"

थोरलीनं तोंड उघडलं. अहो, तसं काही नाही, मी लिहायला बसले होते. एवढंच तर बोलायचं होतं. वाक्य जिभेवर होतं. तेवढ्यात बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "तिला कुणी हाका मारू नका रे. पडू दे तिला जरा." पाठोपाठ जावेनं रडणाऱ्या पोराला उचलून गॅलरीत नेलेलं ऐकू आलं. एवढ्या वर्षांत त्या घरात असं कुणी तिच्यासाठी बोललं नव्हतं.

दीड पान राहिलं होतं. मधे एक शुक्रवार होता.

"नक्की काही नाही अजून," ती म्हणाली. "शनिवारी रिपोर्ट मिळणार आहे."

बोलून गेली खरी. नवऱ्यानं तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि तो लहान पोरासारखा रडला. थोरली त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. फक्त शनिवार दुपारपर्यंत, ती मनाशी म्हणत होती. शनिवारी सांगून टाकू की चूक होती, काही निघालं नाही. सगळे सुटतील, आपणही सुटू.

पण आजारी माणसाला एकटं सोडतात होय? शुक्रवारी नवऱ्यानं गोदामातल्या नोकरीवरून सुट्टी घेतली. मुलगी कॉलेजला गेली नाही, आईच्या कुशीत येऊन पडून राहिली. सासूबाई पायथ्याशी बसून पाय चेपायला लागल्या. सासू सुनेचे पाय चेपतेय म्हटल्यावर थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती पाय ओढून घेई, त्या पुन्हा धरत. "करू दे ग मला," त्या म्हणाल्या. "लग्न होऊन आलीस तेव्हापासून तुझ्याकडून नुसतं करूनच घेतलं." नणंद पिशवी घेऊन मुक्कामालाच आली होती.

"मला जरा एकटीला बसू द्या," थोरली म्हणाली.

"एकटीनं बसलीस की मनात नाही नाही ते येतं," नणंद म्हणाली आणि आणखी जवळ सरकली.

दुपारी सगळ्यांचा डोळा लागलाय असं बघून थोरलीनं उशीखालून कागद काढले. तीन शब्द लिहिले असतील, तर नवऱ्यानं हलकेच तिच्या बोटांतून पेन काढून घेतलं. "डोळ्यांना ताण नको देऊ," तो म्हणाला. पेन स्वतःच्या खिशाला लावून तो तिला वारा घालत बसला. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. रात्रीही तो जागाच होता. तिनं कूस बदलली की लगेच विचारायचा, "दुखतंय का?"

किती वेळा तिच्या ओठांवर आलं म्हणून सांगू! पण आता ते वाक्य गुरुवारपेक्षा शंभरपट जड झालं होतं. गुरुवारी सांगितलं असतं तर नुसता गैरसमज होता. आता तिनं रिपोर्टची थाप मारली होती, सासूकडून पाय चेपून घेतले होते, नवऱ्याला रडताना बघितलं होतं. ती छताकडे बघत पडून राहिली आणि म्हातारा तिकडे अर्धा मेलेला तसाच लटकत राहिला.

शनिवारी सगळं घर कपडे करून तयार. रिपोर्ट आणायला सगळे बरोबर जाणार होते, अगदी सासूबाईसुद्धा. थोरली न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून नुसती उभी राहिली. बाहेर आता काय सांगायचं, याची जुळवाजुळव करत होती. रिपोर्ट फोनवर कळला म्हणावं. काही निघालं नाही म्हणावं. तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि नवऱ्यानं उचलला.

नळ बंद करून तिनं कान दिला.

"हो, घरचाच बोलतोय," नवरा सांगत होता. "शेवट? कसला शेवट? अच्छा, ते लिखाण. नाही हो बाई. ती आजारी आहे. मोठं आजारपण आहे." तो थांबला. पुढचं बोलताना त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "आता नाही व्हायचं तिच्याकडून लिहिणं. तुम्ही तिची वाट बघू नका. आणि कृपा करून तिला या कामाचा फोन करू नका."

थोरली ओल्या पायांनी धावत बाहेर आली. फोन बंद झाला होता. तिनं तो नवऱ्याच्या हातातून हिसकावून घेतला आणि परत लावला.

"बाई, मी बोलतेय! मला काही झालेलं नाही. शेवट संध्याकाळपर्यंत देते. दीडच पान राहिलंय हो!"

"अहो, किती धीराच्या आहात," संपादकबाईंना भरून आलं होतं. "पण नको. यजमानांनी सगळं सांगितलं मला. तुमच्या जागी दुसरा लेख तयारच ठेवला होता, तो मी आत्ता छापायला धाडलासुद्धा. लिहिणं काय, होत राहील. आधी तब्येतीला जपा."

"माझी तब्येत ठणठणीत आहे!" थोरली ओरडली. "मला कॅन्सर नाही, काही नाही! मी तिथे नुसती लिहायला बसत होते!"

"मग आता उशीर झाला हो," एवढं म्हणून संपादकबाईंनी फोन ठेवला. मग सासूबाई मटकन खाली बसल्या आणि त्यांनी हात जोडले. मुलगी हसत हसत रडायला लागली. जाऊ धावत येऊन गळ्यात पडली. दोन मिनिटं त्या घरात जो आनंद झाला, तो कुणाला सांगून पटणार नाही. नंतर सगळ्यांत आधी नणंदेला राग आला.

"लिहायला? कॅन्सरच्या मजल्यावर? वहिनी, माझं रक्त आटलं तिथे!"

"मग सांगायचंस ना आम्हाला," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "आम्ही काय लिहू दिलं नसतं घरात?"

थोरलीनं त्यांच्याकडे बघितलं. रविवारी सांगितलं होतं, असं ती म्हणू शकली असती. पण त्या काल दिवसभर तिच्या पायाशी बसल्या होत्या. तिला ते बोलवेना.

हळूहळू एकेक जण उठून आपापल्या कामाला लागला. नवरा तेवढा जागचा हलला नव्हता.

"गुरुवारी मी तुझ्यासमोर रडलो," तो म्हणाला. "काल रात्रभर जागा होतो. तू बघत होतीस. सांगावंसं वाटलं नाही एकदाही?"

"वाटलं."

"मग?"

"दीड पान राहिलं होतं," थोरली म्हणाली.

तो उठून उभा राहिला. रागावला असता, हात उगारला असता, ताट भिरकावलं असतं, तर तिला सोपं गेलं असतं. त्यानं तसलं काही केलं नाही. खिशातलं पेन काढून तिच्यासमोर टेबलावर ठेवलं.

"घे लिहून," तो म्हणाला. "आता कुणी येणार नाही तुझ्याकडे."

आणि खरंच कुणी आलं नाही. जाऊ दबक्या पावलांनी दारावरून गेली, पण आत डोकावली नाही. जेवायची हाकसुद्धा कुणी मारली नाही. थोरलीपुढे कागद होता, पेन होतं, आणि अख्खी दुपार तिची होती. ती म्हाताऱ्याला आठवायला लागली. पण डोळ्यांपुढे सारखा नवऱ्याचाच चेहरा यायचा. दिवस मावळेपर्यंत ती तशीच बसून राहिली. एक अक्षर उमटलं नाही.